केस आज गळतात, कारण तीन महिने जुनं असतं

गणपतीच्या दिवसांत डेंग्यूने आडवा झालेला माणूस दिवाळीच्या आसपास डॉक्टरांसमोर बसतो आणि म्हणतो, "परवापर्यंत केस अगदी व्यवस्थित होते हो, गेल्या आठवड्यापासून मूठमूठ यायला लागलेत." मग संशयितांची यादी निघते. नवा शॅम्पू, बिल्डिंगमध्ये आलेलं टँकरचं पाणी, हेल्मेट, ऑफिसातला एसी. डेंग्यूचं नाव यादीत नसतं. ताप उतरून, प्लेटलेट वर येऊन दोन-अडीच महिने झालेले असतात आणि घरात तो विषय केव्हाच संपलेला असतो. केसांच्या हिशेबात तो आत्ता सुरू झालेला असतो.

केसगळतीवर वाया जाणारा बराचसा पैसा या उशिरामुळे वाया जातो. त्यात आणखी एक घोळ आहे. ढोबळमानाने गळतीचे दोन मोठे प्रकार पडतात. एकात धीर धरायचा असतो, दुसऱ्यात घाई करायची असते. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: आपोआप थांबणाऱ्या गळतीला घाबरून हजारो रुपये ओततात, आणि हळूहळू कायमचे जाणारे केस "वयाप्रमाणे होतंच" म्हणून पाच-सहा वर्षं सोडून देतात.

केसाचं वेळापत्रक

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळेने चालतं. आधी वाढीचा काळ, दोन ते सहा वर्षांचा. या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि मूळ आकसून वर सरकतं. त्यानंतर जवळपास तीन महिने केस टाळूत नुसता अडकून राहतो, वाढतही नाही आणि पडतही नाही. शेवटी तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येऊ लागतो. ज्यांचा वाढीचा काळ दोन वर्षांतच आटोपतो त्यांचे केस खांद्याच्या फारसे खाली जात नाहीत, कितीही तेल चोळा. ज्यांचा सहा वर्षं चालतो त्यांची वेणी कमरेपर्यंत पोचते. लांबीचं रहस्य एवढंच आहे, आणि ते बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं.

लोकलच्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी कारशेडला जात नाहीत. रोज थोड्या जातात, म्हणून फलाटावर उभ्या माणसाला काही कळत नाही. केसांचंही तसंच आहे. कोणत्याही दिवशी लाखातले साधारण दहा टक्के, म्हणजे दहा हजार केस विश्रांतीत असतात. प्रत्येकाची विश्रांती शंभरेक दिवसांची. दहा हजाराला शंभराने भागा: दिवसाला शंभर केस. "रोज पन्नास ते शंभर केस गळणं साहजिक आहे" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते तुमची समजूत काढत नसतात. हा साधा भागाकार असतो. जुन्या चाळींतल्या बायका विंचरताना निघालेली गुंतवळ पिशवीत साठवायच्या आणि केसांवर भांडी देणारी आली की तिच्या हवाली करायच्या. डोक्यावर दाट वेणी असायची आणि पिशवीही भरायची.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईच्या मुळातून सुटलेले केस तीन-चार दिवस वेणीत अडकून राहतात आणि न्हायच्या दिवशी एकदम मोरीच्या जाळीवर येतात. त्या दिवशीचा पुंजका पाहून न्हाणंच कमी करणाऱ्या अनेकजणी आहेत. मग पुढचा पुंजका आणखी मोठा येतो. पाण्याने केस गळत नाहीत. आधीच सुटलेले केस पाण्याने वाहून येतात.

धीर धरायची गळती

शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या काळात असलेल्या पुष्कळ मुळांना एकदम विश्रांती मिळते. तातडीच्या वेळी शरीर केसांवर ताकद खर्च करत नाही, असं समजा. ही मुळं अडीच-तीन महिने गप्प राहतात आणि मग सगळे केस जवळपास एकत्र गळतात. वैद्यकीय भाषेत याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. रोजची गळती दोनशे-तीनशेपर्यंत जाऊ शकते. कपाळ, माथा, कानाच्या वर, मागे, सगळीकडून सारखीच.

धक्के कोणते? जोराचा ताप हा मुंबईतला नेहमीचा गुन्हेगार: डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, आणि कोविडच्या लाटांनंतर आपण सगळ्यांनी पाहिलं तसा कोविड. मोठं ऑपरेशन. घरातला मृत्यू किंवा तसा मोठा मानसिक आघात. लग्नाच्या हॉलची तारीख ठरल्यावर सुरू केलेलं उपाशी डाएट. अलीकडे वजन कमी करणारी इंजेक्शनं सुरू झाल्यापासून झपाट्याने वजन उतरलेल्यांचे केस गळण्याच्या तक्रारीही ऐकू येतात. तिथेही बरीचशी जबाबदारी वजन फार वेगाने उतरण्याची असते. थायरॉइड बिघडणं, शरीरातलं लोह संपत येणं, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, हेही यातच.

आणि बाळंतपण. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि ते केसांना वाढीच्या काळात अडवून धरतं, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात केस कधी नव्हे इतके दाट वाटतात. बाळंतपणानंतर ते हार्मोन एकदम खाली येतं. बाळ तीन-चार महिन्यांचं होऊन आईकडे बघून हसायला लागतं त्या सुमारास अडवून ठेवलेले सगळे केस निघू लागतात. सासू म्हणते डिंकाचे लाडू कमी पडले, आई म्हणते पंख्याखाली ओले केस वाळवलेस म्हणून. दोघींचाही संबंध नाही. बाळाचं पहिलं वर्ष संपेपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात.

या गळतीत टक्कल पडत नाही. कारण दूर झालं असेल तर साधारण सहा महिन्यांत ती थांबते. घाबरलेल्या माणसाला पटवायला अवघड जाणारी गोष्ट अशी, की गळणाऱ्या केसाच्या खाली नवा केस बहुतेक वेळा उगवायलाही लागलेला असतो. कपाळाशी उभे राहणारे, कशानेही न बसणारे ते बारीक बारीक केस दिसले की समजा परत येताहेत. मात्र महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने ते हनुवटीपर्यंत यायलाच दोनेक वर्षं लागणार, तेव्हा वेणी बारीक वाटणं गळती थांबल्यावरही बराच काळ राहतं.

बाजार नेमका इथे उभा असतो. ऑगस्टमध्ये ताप, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळती, नोव्हेंबरअखेर घाबरून आणलेलं तेल किंवा सीरम, आणि फेब्रुवारीत केस थांबतात. श्रेय तेलाला. त्या बाटलीऐवजी नळाचं पाणी चोळलं असतं तरी फेब्रुवारीत केस थांबलेच असते. खोटं कोणीच बोलत नाही. वापरणाऱ्याला खरंच फरक पडलेला असतो आणि तो मनापासून चार जणांना सांगतो. म्हणून "माझ्या वहिनीला फरक पडला" हा पुरावा केसांच्या बाबतीत जवळजवळ बिनकामाचा आहे.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "टक्कल जाणार, गॅरंटी" छापाच्या जाहिरातींबद्दल आणखी एक माहिती. औषधांसंबंधीच्या १९४५च्या नियमांत परिशिष्ट 'जे' नावाची यादी आहे. ज्या आजारांवर "बरं करतो" असा दावा औषधाने करायचाच नाही, त्यांची ती यादी. टक्कल त्यात आहे. नवे केस उगवणं आणि केसांचा रंग बदलणं, हेही आहे.

मुंबईचं पाणी

नाशिक, कोल्हापूर, लातूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या निम्म्या मुलामुलींची खात्री असते की इथल्या पाण्याने केस गेले. महापालिकेचं पाणी येतं तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा या तलावांतून. म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी, बोअरवेलच्या मानाने मऊ. क्लोरीन असतं, पण पिण्याच्या पाण्यात चालणाऱ्या प्रमाणात. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी केसाचा पृष्ठभाग खरखरीत करतं, केस गुंततात आणि मधेच तुटतात. तुटलेला केस आणि मुळातून गळलेला केस यातला फरक घरीच कळतो: गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढुरका बारीक दाणा असतो, तुटलेल्याला नसतो.

मग इथे आल्यावर केस का जातात? गाव सोडून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे बघा. पीजीतलं जेवण, वडापाववर काढलेले दिवस, पाच तासांची झोप, पहिल्याच पावसाळ्यात एखादा ताप. त्यातून बाविसावं-तेविसावं वर्ष हेच मुळात वंशाने येणारं टक्कल सुरू होण्याचं वय. शहर बदलणं आणि टक्कल सुरू होणं एकाच वर्षी घडतं आणि आळ नळावर येतो.

घाई करायची गळती

या दुसऱ्या प्रकारात खरं म्हणजे "गळती" फारशी दिसतच नाही. मोरीत पुंजके येत नाहीत. मुळं हळूहळू आकसत जातात. प्रत्येक फेरीत नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिकट येतो, वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो, आणि शेवटी उरते नुसती लव. पुरुषांत कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात आणि माथ्यावर भोवऱ्याच्या जागी चकती पडते. बायकांत पुढची रेषा बहुधा जागच्या जागी राहते आणि भांग रुंदावतो. रबर बँडचे पूर्वी दोन वेढे बसायचे, आता तीन बसतात, असं बायका सांगतात; ते मोजमाप चांगलं आहे.

यामागे हार्मोन आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी बनतं. ज्यांच्या मुळांना वंशाने त्याची संवेदनशीलता मिळालेली असते त्यांची माथ्यावरची मुळं डीएचटीमुळे आकसतात; मागची आणि कानांवरची मुळं दाद देत नाहीत. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिलं की वयात येण्याआधी वृषण काढले गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर वंशात असलेल्यांना पडू लागतं. म्हणजे वंश आणि हार्मोन दोन्ही लागतात. "टक्कल आईच्या वडिलांकडून येतं" यात अर्धं तथ्य आहे. एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण बाकीची पुष्कळ जनुकं दोन्हीकडून येतात, तेव्हा एकट्या आजोबांवर राग धरू नये.

हेल्मेटने, टोपीने किंवा एसीने यातलं काहीही होत नाही. डीएचटी रक्तातून येतं, हेल्मेटमधून नाही.

घाई का, तर उपलब्ध औषधं आकसत असलेलं मूळ सावरू शकतात. वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या जागेत नवं मूळ पेरू शकत नाहीत. ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे अशी औषधं मुख्यतः दोनच आहेत आणि दोन्ही दुसऱ्याच आजारांवर काम करताना हाती लागली.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर केस वाढू लागले म्हणून तिचं टाळूवर लावायचं द्रावण निघालं आणि अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. आज कोणत्याही केमिस्टकडे मिळतं. लावायचं टाळूला, केसांना नाही. बाटलीवर लिहिलंय तितकंच आणि रोज. पहिल्या दोन महिन्यांत गळती उलट वाढते, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देत बाहेर पडतात. निम्मे लोक इथेच घाबरून बाटली फेकतात. खरा परिणाम चार ते सहा महिन्यांनी दिसतो, आणि वापर थांबवला की मिळालेलं सगळं तीन-चार महिन्यांत जातं. तेव्हा सुरू करण्याआधी महिन्याच्या खर्चाला बाराने आणि मग दहाने गुणून बघा. परवडणार नसेल तर न करणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे; टक्कल हा जिवाला धोका नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. लावल्यावर हात धुवा, नाहीतर नको तिथे लव येते. आणि घरात मांजर असेल तर फार जपा: मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, उशीवरचं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं.

दुसरं फिनास्टराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांतली मुलं जन्माला येताना मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना पुरुष व्हायची. १९७४ साली संशोधकांनी शोधून काढलं की टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एंझाइमच त्यांच्यात कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि टक्कलही पडायचं नाही. त्याच एंझाइमला अडवणारं औषध म्हणजे फिनास्टराइड. प्रोस्टेटसाठी १९९२ साली आणि केसांसाठी एक मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९७ साली अमेरिकेत मान्य झालं. पुष्कळ पुरुषांत ते टक्कल रोखतं. थोड्या जणांत कामेच्छा कमी होणं, लिंगाच्या ताठरतेत अडचण असे दुष्परिणाम होतात, आणि मन उदास होणं, आत्महत्येचे विचार येणं याबद्दलही औषध नियामकांनी इशारे दिलेले आहेत. म्हणून हे मित्राच्या सांगण्यावरून घ्यायचं औषध नाही. प्रोस्टेटसाठी रक्ताची पीएसए तपासणी करताना ते घेत असल्याचं सांगायलाच हवं, कारण त्याने आकडा निम्म्यावर येतो. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

बायकांच्या बाबतीत औषधाआधी तपासणी. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरमं आणि रुंदावता भांग असं एकत्र असेल तर पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी संबंधित हार्मोनचा बिघाड, बघायला हवं. आणि लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईला पाचशे रुपयांचं सीरम देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच बघणं जास्त उपयोगाचं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असतानाही तो रिकामा असू शकतो. दोन्ही प्रकारची गळती एकाच डोक्यावर एकाच वेळी असू शकते हेही इथेच सांगायला हवं. तापानंतरची गळती थांबते आणि भांग मात्र रुंदच राहतो, तेव्हा दुसरी आधीपासून चालू होती असं समजायचं.

ज्या गळतीला वेगळं नाव आहे

एका रात्रीत नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो ती चाई. तिला "कीड लागली" म्हणतात, पण कीड नसते. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसाच्या मुळांवर हल्ला करते. मुळं मरत नाहीत, म्हणून पुष्कळ वेळा केस आपोआप परत येतात, सुरुवातीला पांढरेही येतात. डॉक्टर चट्ट्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. सगळं डोकं व्यापणाऱ्या चाईवर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या २०२२पासून मान्य झाल्या आहेत. महाग आहेत आणि देखरेखीखालीच घ्यायच्या. लहान मुलाच्या डोक्यावर खवले, खाज आणि तुटके केस असतील तर मात्र ती बहुधा बुरशी. तिला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही.

रोज घट्ट ओढून बांधलेल्या वेणीने किंवा पोनीटेलने कपाळाच्या कडेचे केस जातात. लग्नात नऊवारीवर एक दिवस घातलेल्या अंबाड्याने काही होत नाही; वर्षानुवर्षं रोज घातलेल्याने होतं, आणि वेळेत सैल केलं नाही तर ती जागा कायमची रिकामी राहते.

केमोथेरपीची गळती तीन महिन्यांच्या नियमाला अपवाद आहे. तिथे औषध वाढत्या मुळावरच घाव घालतं, म्हणून केस दोन-तीन आठवड्यांतच जातात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे.

आणि जिथे थांबायचंच नाही अशी एक: टाळूवर आग, दुखरेपणा, लाली, आणि केस गेलेली जागा चकचकीत, सूक्ष्म छिद्रंही न दिसणारी. यात दाहामुळे मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि गेलेला केस कधीच येत नाही. उरलेले वाचवायचे तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

तेल, कांदा, गोळ्या

खोबरेल तेलाबद्दल चांगलं संशोधन झालंय, तेही मुंबईत. मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करतं; सूर्यफुलाचं आणि खनिज तेल ते करू शकत नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं संशोधन आहे हे लक्षात ठेवून वाचावं, पण त्यातला दावा नेमका आहे: बाहेर आलेला केस कमी तुटतो. मुळातून जास्त केस उगवतो असं त्यात कुठेही नाही. म्हणून न्हाण्याआधी तासभर तेल जरूर लावा. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर मुरवू नका. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत तिची चंगळ असते. कोंड्यावर केटोकोनॅझोलचा शॅम्पू, पाच मिनिटं टाळूवर ठेवून, आठवड्यातून दोनदा.

कांद्याच्या रसावर २००२ साली बगदादमध्ये एक छोटा अभ्यास झाला, तोही चाईवर. वंशाच्या टकलावर त्याचा उपयोग दिसलेला नाही. रस लावून सकाळच्या दादर लोकलमध्ये चढणाऱ्याबद्दल शेजाऱ्यांचं मत वेगळं नोंदवायची गरज नाही. डोकं तुळतुळीत केल्याने केस दाट येतात हा समज तर जावळापासून आपल्या घराघरांत आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली दाढीच्या केसांवर हे तपासून खोडून काढलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो, एवढंच.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा खप प्रचंड आहे आणि बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते. ती घेऊन रक्त दिलं तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणजे ज्या तपासणीने कारण सापडलं असतं तीच बिघडते. जास्तीचं जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम तर स्वतःच केस गाळतात. २०२५च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत जाऊन टकलं पडू लागली. पहिला संशय तिथेही पाण्यावर गेला, मग बुरशीवर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्ताच्या, लघवीच्या, केसांच्या आणि धान्याच्या तपासण्या करून घेतल्या आणि रेशनच्या गव्हातल्या अति सेलेनियमकडे बोट दाखवलं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांच्या पाकिटावर घटकांमध्ये हेच सेलेनियम छापलेलं असतं.

रोपण करायचं असेल तर

नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ साली मांडलं की मागून उचलून पुढे लावलेला केस आपला मूळचा स्वभाव सोडत नाही, डीएचटीला पुढेही दाद देत नाही. केसरोपण याच तत्त्वावर चालतं. पण मागचा साठा मर्यादित असतो आणि एकदाच वापरता येतो. पंचविसाव्या वर्षी सगळा कपाळावर खर्च केला आणि चाळिशीत माथा उघडा पडला, तर भरायला काही उरत नाही. लावलेले केसही महिन्याभरात गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, आणि निकाल वर्षाने कळतो. वेळापत्रक इथेही सुटत नाही. शिवाय आजूबाजूचे मूळचे केस आकसतच राहतात, म्हणून औषध चालूच ठेवावं लागतं. ईएमआयच्या जाहिरातीत हे शेवटचं वाक्य नसतं.

२०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट उचललेले केसांचे बारीक पुंजके, लावून घेतले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत तीव्र ॲलर्जीच्या संशयित झटक्याने त्याचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली बजावलं की यूट्यूब बघून शिकलेलं प्रशिक्षण यासाठी धरलं जाणार नाही. क्लिनिकमध्ये विचारायचं ते एवढंच: केस काढणार आणि लावणार कोण, त्यांची पदवी काय, आणि काही बिघडलं तर तिथल्या तिथे सांभाळायची सोय आहे का. स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग काढून टाळूत टोचतात, त्या पीआरपीचे अभ्यास उलटसुलट आहेत. माझं मत विचाराल तर औषधं वर्षभर नीट वापरून झाल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना

केईएम, सायन, नायर, कूपर आणि जेजे, या सगळ्या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, रांग मोठी असते, पण तिथे कोणी तुम्हाला पॅकेज विकत नाही. जाताना मागच्या सहा महिन्यांचा कागद लिहून न्या: कोणता ताप, कोणतं ऑपरेशन, कोणती गोळी सुरू किंवा बंद, किती किलो उतरलं, पाळीच्या तारखा. मोबाइलमधले दोन वर्षांपूर्वीचे, वरून काढलेले फोटो सापडले तर फारच उत्तम. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढून बघतील आणि भिंगाच्या दिव्याने भांग तपासतील. केस जाड-बारीक असे मिसळलेले दिसले तर वंशाचं टक्कल, सगळे सारखेच जाड दिसले तर बहुधा तापानंतरची वगैरे गळती. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किती दिवस बंद करायचं ते विचारून घ्या. आणि त्या दिवशी डोक्याला तेल किंवा केस दाट दाखवणारी पावडर लावून जाऊ नका, भिंगातून टाळू दिसत नाही.